चादरीच्या कोपऱ्यावरचे हळदीचे बोट

पालथ्या झोपलेल्या माणसाला जगातले फार थोडे दिसते. मसाजच्या टेबलाला डोक्याच्या बाजूस एक गोल, गादीदार कडे असते. त्यात चेहरा विसावला की खाली उरतो तो फक्त हातभर जमिनीचा तुकडा. त्या तुकड्यावर काय असावे हे ठरवणे, हा माझ्या नोकरीतला मला सर्वांत प्रिय भाग. पसरट पितळी भांड्यात पाणी घेते आणि त्या आठवड्यात जंगलाने जे दिले असेल ते त्यावर सोडते. होळीच्या आसपास पळसाच्या पाकळ्या, मग मोहाची फुले, दसऱ्याच्या सुमारास धानाची कोवळी लोंबी. मोहाच्या फुलांचा आठवडा असला की पाहुणे फार लवकर झोपी जातात. त्याचे श्रेय माझ्या हातांचे की फुलांचे, हे मी अजून ठरवलेले नाही.

आमचे रिसॉर्ट चंद्रपूर जिल्ह्यात, जंगलाच्या एका फाटकाजवळ आहे. पाहुणे पहाटे उघड्या जिप्सीतून वाघ पाहायला जातात आणि दहा-अकराला परततात. भुवयांत लाल धूळ, मानेत आखडलेले स्नायू, आणि वाघ दिसला नसेल तर चेहऱ्यावर आमचाच काही अपराध असल्याचा भाव. अकरापासून दोनपर्यंत ते माझ्या खोलीत येतात. त्याआधी ती खोली मी रोज नव्याने मांडते. पडदे अर्धे ओढते, कारण पूर्ण अंधारात अनोळखी माणूस घाबरतो आणि पूर्ण उजेडात लाजतो. टेबलावर जाड पांघरूण, त्यावर ताणून बसवलेली चादर, तिच्यावर दुसरी, सैल, अंगावर घ्यायची. गुडघ्यांखाली ठेवायची गोल उशी, पायथ्याशी घडी घातलेले दोन टॉवेल. तेलाची वाटी कोमट पाण्यात. आणि शेवटी मी माझे तळहात त्याच पाण्यात धरून उभी राहते. थंड हात हा या कामातला सर्वांत मोठा उद्धटपणा आहे.

मी इथल्याच मूल गावची. आमचे घर राइस मिलच्या मागे होते. उकडलेल्या धानाचा वास हाच माझ्या लहानपणाचा वास. मी मराठी कवितेत एम. ए. केले आणि त्यानंतर नागपुरात हे काम शिकले. माझ्या आत्याला ही घसरण वाटली. “एम्मे केलं अन् लोकायच्या पाठी चोळून राह्यली?” असे तिने भर लग्नमंडपात विचारले होते. मी तिथेच मांडवामागे नेऊन तिची पाठ चोळून दिली. तेव्हापासून ती प्रश्न विचारत नाही, मी दिसले की नुसती पाठ पुढे करते.

कवितेने मला या कामातले एकच शिकवले, पण ते मोठे होते: कुठे किती सांगायचे आणि कुठे थांबायचे. पाहुण्याच्या अंगावरची चादर हलवणे याला आमच्या व्यवसायात ड्रेपिंग म्हणतात. मी मनात त्याला आडोसा म्हणते. ज्या अवयवावर काम चालले आहे तेवढाच उघडा, बाकी सगळा माणूस झाकलेला. पाठ करायची तर चादर कमरेपर्यंत दुमडायची आणि घडी तिथेच स्थिर ठेवायची. पाय करायचा तर एकच पाय बाहेर. चादरीची कड दुसऱ्या मांडीखाली अलगद खोचायची. आणि पालथ्याचे उताणे करताना आपल्या बाजूची कड मांडीने टेबलाशी दाबून धरायची, पलीकडची दोन्ही हातांनी उचलून तंबू करायचा, मान फिरवायची, आणि म्हणायचे, “आता वळा.” तंबूच्या आत माणूस वळतो. आपण भिंतीकडे पाहत असतो. मग चादर पुन्हा खाली येते, हवेचा एक छोटा उसासा सोडत.

हे सगळे शिकवण्याची वेळ माझ्यावर आली तेव्हा कळले की जे मी रोज करते ते मला सांगता येत नाही.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी मालिशीच्या कामातली माझी जोडीदारीण नोकरी सोडून गोव्याला गेली. हंगाम सुरू व्हायला पंधरवडा उरला होता. मी व्यवस्थापक मॅडमना एक नाव सुचवले, आणि त्या हसल्या. मी सुचवली होती ती स्वयंपाकघरामागे भांडी घासणारी बाई.

ती सिंदेवाहीच्या रस्त्यावरच्या एका गावची. नवरा तलावात जाळे टाकतो, शेत थोडेसे. वय पन्नाशीचे. तिचे खरे काम वेगळे होते: आसपासच्या तीन गावांतल्या बाळंतिणींची आणि लेकरांची मालिश. मग बाळंतपणे दवाखान्यात गेली, सुना शिकल्या, बाटलीतले तेल आले, आणि तिला कोणी बोलवेनासे झाले. ती भांड्यांवर आली. घासायच्या पावडरीने तिच्या बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या. एकदा माझी मान आखडली असताना तिने मला मोरीशेजारच्या दगडावर बसवले आणि ओल्याच हातांनी मानेवर एक जागा शोधून काढली. ती जागा माझ्याच शरीरात आहे हे मला माहीत नव्हते. दोन मिनिटांनी मी मान फिरवून झाडावरची वानरे मोजत होते.

“हे हात भांड्यात सडून राह्यले, पोरी,” ती म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता. चिरलेल्या बोटांकडे ती जणू दुसऱ्या कुणाची असावीत तशी पाहत होती.

मॅडमनी अट घातली. त्या नागपूरच्या, कडक इस्त्रीच्या, मनाने वाईट नव्हेत. “शिकवा तुम्ही. हंगामातली पहिली पाहुणी तिच्याकडे देऊ. पाहुणीला एकदा जरी संकोच वाटला, तरी मला चालणार नाही. मग ती परत भांड्यांवर, आणि मी बाहेरची मुलगी आणीन.”

हे बाईला सांगितले तेव्हा तिने दोन्ही हात पदराला पुसले, पुन्हा पुसले, आणि म्हणाली, “चाल मंग. दाखव तुही चादर.”

तिचे हात म्हणजे अद्भुत गोष्ट होती. दाब कुठे द्यायचा, किती, कुठे नुसते थांबायचे, यातले काही मला शिकवावे लागले नाही. मीच शिकत होते. सरावासाठी टेबलावर मी झोपायची. तीन हंगामांत पहिल्यांदा मी त्या गोल कड्यात चेहरा ठेवला आणि खालचे माझेच पितळी भांडे पाहिले. पाण्यात छताचा पंखा फिरत होता आणि त्यावर कण्हेरीचे एक फूल सावकाश प्रदक्षिणा घालत होते. इतके सुंदर काही मी रोज कुणासाठी तरी ठेवत होते, आणि मला ते माहीत नव्हते.

पण चादर! चादर तिला काही केल्या जमेना. ती एक तर मला संपूर्ण उघडी टाकायची, किंवा इतकी घट्ट गुंडाळायची की मी बाजाराला निघालेले गाठोडे वाटावे. तिच्या जगात बाळंतीण पाटावर बसते, दार लावलेले असते, आत बायकाच असतात, आणि अंग हे अंग असते. त्यात झाकण्यासारखे काय?

“मान फिरवा, बाई,” मी तंबूच्या आतून म्हणायची. “पाहुणी वळताना बघायचं नाही.”

“काऊन?”

“तिला लाज वाटेल.”

“अन् पाह्यल्याबिगर हाताले कसं समजन, कुठी दुखते थे? डाक्टर डोये मिटून सुई देते काय?”

मी एवढेच म्हटले की हात स्वतः बघतील. तिने “हॉ!” केले. एम. ए. झालेल्यांकडून असे काही तरी ऐकायला मिळणार, याची तिला खात्रीच असावी.

मॅडमनी तिला काही वाक्ये पाठ करायला दिली होती. छापील कागदावरची, फार शुद्ध. ती भांडी घासताना त्यांचा जप करी. “कुरपया आपण आरामात पहुडा.” मोठ्या पातेल्याच्या पोटातून तो आवाज घुमून येई आणि स्वयंपाकी हसून लोळत. “आमाले बी पहुडू दे वं थोडं,” त्यांतला एक ओरडे. “तू पहुडशील तं पोळ्या तुहा बाप लाटन काय?” पातेल्यातून उत्तर येई.

त्या आठवड्यात नव्या चादरी आल्या. बारा. पांढऱ्याशुभ्र, जाड सुताच्या, नागपूरहून मागवलेल्या. मॅडमनी खोका स्वतः उघडला आणि एका चादरीवरून हात फिरवताना मी त्यांना पहिल्यांदा हळवे झालेले पाहिले. संध्याकाळी त्या चादरी मी कपाटात लावायला बाईकडे दिल्या.

सकाळी कपाट उघडले. प्रत्येक चादरीच्या एका कोपऱ्यावर, रुपयाएवढा, पिवळाधमक ठिपका. हळदीचा.

मी एक चादर उजेडात धरली, आणि सगळे समजले. आमच्याकडे कोरे कापड अंगाला लावण्याआधी त्याच्या कोपऱ्याला हळदीचे बोट लावतात. माझी आई लावायची. माझ्या पहिल्या गणवेशाच्या आतल्या शिवणीवरही तो ठिपका होता. बाईने बारा कोऱ्या चादरींना तेच केले होते, सरळ मनाने, आणि बहुधा मोठ्या काळजीनेही.

“लोक याच्याखाली निजतीन ना,” ती म्हणाली. “पांढरी चादर, कोरी, अन् निजलेल्या माणसावर. तशीच कशी घालावं वं? माणूस जित्ता हाय, हे चादरीले कोनं सांगावं?”

मॅडमना हे तत्त्व पटण्यासारखे नव्हते. त्यांनी चादरी ताबडतोब धुवायला पाठवल्या. आणि धुणाऱ्याने त्या साबणाच्या पाण्यात बुडवताच हळदीने आपला रंग बदलला. बारा पिवळे ठिपके बारा लाल ठिपके झाले. त्या ओल्या चादरी पाहून मॅडम अक्षरशः भिंतीला टेकल्या.

“हे रक्तासारखं दिसतंय,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. हळू आवाज हा त्यांचा सर्वांत भयंकर आवाज होता. “माझ्या स्पामध्ये. पाहुण्यांच्या अंगावर. रक्त!”

बाई दारात उभी होती. “उन्हात टाका, म्याडम. हळद उन्हाले भेते.”

“तुम्ही घरी जा,” मॅडम म्हणाल्या. “आज नकोच.”

ती गेली. दुसऱ्या दिवशी आलीच नाही.

चादरी मात्र मी उन्हात टाकल्या. पाऊस सरला होता, ऊन कोवळे पण प्रामाणिक होते. बांबूच्या कुंपणावर त्या ओळीने पसरल्या आणि वानरांना हाकलत मी दिवसभर काठी घेऊन बसले. दुपारपर्यंत लाल फिकट पिवळे झाले, संध्याकाळी त्या पिवळ्याची नुसती आठवण उरली. अकरा चादरी पुन्हा कोऱ्या झाल्या. बारावी ऐनाच्या झाडाच्या सावलीत गेली होती हे माझ्या लक्षात आले नाही. सगळ्याच घडी घालून मी कपाटात ठेवल्या.

सुट्टीच्या दिवशी स्कूटी काढली आणि तिच्या गावी गेले. धानाच्या बांध्यांमधून जाणारा रस्ता, दोन्हीकडे लोंब्या वाकायला लागलेल्या, हवेत तो दुधाळ हिरवा वास. घरी सुनेने सांगितले, “माय तलावावर हाय.”

तलाव भरलेला होता. पाळीवर, तलावाच्या बांधावर, पुरुष जाळी वाळत घालत होते, दोन म्हशी गळ्यापर्यंत पाण्यात ध्यान लावून होत्या, आणि घाटाच्या दगडांवर पाच-सहा बायका. बाई नुकतीच पाण्यातून वर येत होती. मी हाक मारणार तोच तिने कोरडे लुगडे उचलले, आणि मी हाक गिळली.

कोरड्या लुगड्याची कड तिने हनुवटीखाली दाबली. एका हाताने ते अंगाभोवती फिरवले, दुसऱ्याने आतून ओले सोडले. ओले घसरून पायांशी पडत होते आणि कोरडे त्याच वेगाने वर चढत होते. जाळीवाले, म्हशी, रस्त्यावरून जाणारी एसटी, सगळे जग समोर होते, आणि त्या सगळ्या जगाला तिच्या खांद्यापलीकडे तसूभरही काही दिसले नाही. हे करताना ती शेजारणीशी भांडत होती, साबणाच्या वडीवरून. एका क्षणासाठीसुद्धा तिने स्वतःच्या हातांकडे पाहिले नाही.

मी दगडावर बसूनच राहिले. मला हसू येत होते आणि डोळेही भरले होते.

“बाई,” मी शेवटी म्हणाले, “तुम्हाला आडोसा येतो की! माझ्यापेक्षा चांगला येतो.”

“कोनता आडोसा? आंग धुऊन राह्यली मी.”

“हाच तो. चादर म्हणजे कोरडं लुगडं समजा. टेबल म्हणजे हा दगड. आणि पाहुणी म्हणजे तुम्ही. तुमचं अंग इथे जसं कुणाला दिसलं नाही, तसंच तिचं दिसू द्यायचं नाही.”

ती पिळलेले लुगडे हातात धरून माझ्याकडे पाहत राहिली. शेजारीण म्हणाली, “काय म्हनते वं थे?” बाई म्हणाली, “काई नाई. मले इतके दिवस चादर शिकवून राह्यली, अन् आज सांगते का थे लुगडं होय म्हनून.” मग माझ्याकडे वळून, किंचित रागाने, “पह्यलेच सांगाचं ना, पोरी!”

दुसऱ्या दिवशी ती कामावर आली. मॅडमनी काही विचारले नाही. अटीतली पहिली पाहुणी यायला अजून काही दिवस होते. सरावात तिने तंबू उचलला आणि मान आपोआप तलावाकडे फिरवावी तशी खिडकीकडे फिरवली. चादर माझ्यावर उतरली ती पाण्यासारखी.

पहिली पाहुणी ऊर्जानगरची निघाली. नवरा वीज केंद्रातून निवृत्त झालेला, मुलगी आईला वाढदिवसाची भेट म्हणून घेऊन आलेली. मुलीचा सातवा महिना होता. ती मॅडमसोबत बाहेर वेताच्या खुर्चीवर बसली. आई आत आली, साठीच्या पुढची, सुती साडी, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली. त्या दिवसापुरती मला पडद्यामागे बसण्याची परवानगी होती, ऐकायची, बोलायची नाही.

“कुरपया,” बाईने सुरुवात केली, “आपण आरामात पहुडा.”

“काय करू म्हणता?”

कागदावर यापुढचे उत्तर नव्हते.

“निजा म्हनून राह्यली मी, बाई.”

पाहुणीने टेबलाकडे पाहिले. अर्धा उजेड, आणि त्यात ती पांढरी चादर, पायथ्यापासून उशीपर्यंत सपाट. “अशी?” ती म्हणाली. “ही पांढरी घालून? माझ्या सासूबाईंना शेवटी अशीच घातली होती. नको गं बाई. लेकीला सांगते मी, जमलं नाही म्हणून.” पर्स खांद्याला गेली. चपलांचा आवाज दाराकडे वळला.

पडद्यामागे मी डोळे मिटले. संपले, असे मला वाटले. पंधरवडा, तलाव, त्या चिरलेल्या बोटांवर मी रोज लावलेले तूप, सगळे.

मग चपला थांबल्या. “आणि हा कसला डाग?”

मी फटीतून पाहिले. सावलीत राहिलेली बारावी चादर मीच सकाळी टेबलावर घातली होती. कोपऱ्यावर फिकट पिवळा ठिपका होता, बोटाच्या पेराएवढा.

ज्या ठिपक्याने बाईला घरी पाठवले होते, तोच समोर होता. तिने पदर मुठीत धरला, आणि खरे ते सांगितले.

“हळदीचं बोट हाय. कोरी चादर होती, तशीच कोनाच्या आंगावर कशी घालावं म्हनून लावलं. मीच लावलं.”

पाहुणीने वाकून त्या कोपऱ्याला हात लावला. ठिपक्यावर अंगठा ठेवला, बराच वेळ. मग पर्स खुर्चीवर ठेवल्याचा आवाज आला.

“माझी आई लावायची,” ती म्हणाली. “पण मी कपडे काढणार नाही हं. आधीच सांगते.”

“माहेर कुठलं तुमचं?”

“इथलंच. सिंदेवाहीकडचं.”

“मंग तलाव असन ना गावाले?”

“आहे ना. हा एवढा मोठा.”

“मंग कायची लाज? तलावावर कधी दिसल्या काय कोनाले? हे घ्या, चादर हनवटीखाली दाबा. अस्सं. म्या इकडून धरली. आता सोडा तुमचं लुगडं.”

“अगं, पन्नास वर्षं झाली त्याला!”

“आंग इसरत नाई.”

त्यानंतर मी भिंतीकडे तोंड केले, कारण नियम मलाही लागू होता. ऐकू आली ती कापडाची सळसळ, एक दबलेले “अय्या,” आणि मग हसणे. साठीच्या बाईच्या गळ्यातून येणारे चौदा वर्षांच्या मुलीचे हसणे. “जमलं की गं!” “मंग! म्या काय म्हनलं?”

पुढचा तास खोलीत फार थोडे बोलणे झाले. वानरे पत्र्यावरून धावली, कोमट तेलाचा वास पसरला, बाईचे हात चालत राहिले. वळायची वेळ आली तेव्हा फटीतून मला बाईचा चेहरा दिसला. खिडकीबाहेर वळलेला, निवांत, डोळे दूरच्या झाडांवर. चादर तिच्या हातांत उंच होती आणि आत पाहुणी वळत होती. आणि पुन्हा हात टेकताच बाई म्हणाली,

“हा उजवा खांदा वर करून करून धरला तुमचा. फळ्यावर लिहिलं काय लई?”

पाहुणीने डोळे उघडले असणार. “तीस वर्षं शिकवलं मी. तुला कोणी सांगितलं?”

“कोनी नाई. हातानं पाह्यलं.”

मी पडद्याचे टोक तोंडात धरले, नाहीतर मोठ्याने हसले असते.

ती बाहेर आली तेव्हा तिचे केस विस्कटलेले होते, साडी थोडी वेडीवाकडी होती, आणि तिची मुलगी जणू आईला ओळखतच नाही अशा नजरेने पाहत होती. मॅडम खुर्चीतून उठल्या. “कसं वाटलं? काही संकोच वगैरे?”

पाहुणीने तो प्रश्न ऐकलाच नाही. ती बाईकडे वळली होती. “दोन महिन्यांनी माझ्या लेकीचं बाळंतपण आहे. ऊर्जानगरला येशील? लेकराला आणि हिला, दोघांनाही तुझाच हात लागू दे.”

मी बाईकडे पाहिले. किती वर्षांत तिला असे कोणी बोलावले नव्हते, ते मला ठाऊक होते. तिचा हात नकळत पदराकडे गेला, पुसायला, आणि मध्येच थांबला. त्या हाताला आता भांड्यांचे पाणी नव्हते, तेल होते. पण उत्तर द्यायला ती थांबली. तिने मॅडमकडे पाहिले.

“येईन ना,” ती म्हणाली. “पन मी आता इथी हाय का भांड्यावर, हे म्याडम सांगतीन. इथी असन तं सुट्टी घ्या लागन.”

मॅडमनी पाहुणीचे विस्कटलेले केस पाहिले, मुलीचा चेहरा पाहिला, मला पाहिले. मग इस्त्रीची ओढणी सारखी केली.

“अर्ज द्या,” त्या म्हणाल्या. “आठ दिवस आधी. मंजूर होईल.”

स्वयंपाकघरात त्या दुपारी कोणी भांडी घासली मला आठवत नाही. बाई मोरीशी गेली होती खरी, पण नुसती दारात उभी राहून पातेल्यांना ओरडली, “पहुडा आता आरामात!”

या हंगामाच्या आधी पुन्हा नव्या चादरी आल्या. खोका मॅडमनीच उघडला, मागच्यासारखाच. बाई दारात उभी होती, हातात कुंकवाच्या करंड्याएवढी एक वाटी, बोट आधीच पिवळे झालेले. मॅडमनी बाईकडे पाहिले, वाटीकडे पाहिले. “आधी ऊन, मग साबण,” असे काहीसे त्या पुटपुटल्या, आणि शांतपणे मान खिडकीकडे वळवली, पाहुणी वळत असताना आम्ही वळवतो, तशी.